पंगत एक, पान ज्याचे त्याचे

(मठाच्या वर्धापनमहोत्सवात पाठशाळेच्या प्रांगणात दिलेले व्याख्यान)

वर्धापनदिनी मठाच्या परंपरेविषयी बोलावे असा प्रघात आहे, आणि ते कार्य माझ्याहून ज्येष्ठ अशा वक्त्यांनी उत्तम रीतीने केलेले आहे. माझा विषय काहीसा निराळा आहे. कित्येकांस तो अप्रस्तुतही वाटेल. परंतु तो आपल्या पाठशाळेच्या दाराशी येऊन उभा राहिला आहे, म्हणून तो मांडण्याची अनुज्ञा मी मागितली, व ती कृपापूर्वक मिळाली.

येत्या वर्षी पाठशाळेत प्रवेश मिळावा असा अर्ज एका दहा वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांनी केला आहे. मुलगा स्वमग्न आहे, असे डॉक्टरांनी लिहून दिलेले आहे. या अर्जावरून आपणा अध्यापकमंडळींत दोन मते पडली आहेत. एक पक्ष म्हणतो, मुलास अवश्य घ्यावे, परंतु इतरांस जो नियम तोच त्यास. एकदा सवलत दिली की समता उरत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, अशा मुलांची प्रकृतीच वेगळी, त्यांची जागा त्यांच्यासाठी काढलेल्या शाळेत. तेथे पाठविण्यातच त्यांचे हित आहे. दोन्ही पक्ष सद्बुद्धीने बोलत आहेत याविषयी मला यत्किंचितही शंका नाही. तथापि एक गोष्ट दोन्ही पक्षांनी केलेली नाही. स्वमग्न माणसाला आपल्यासारखीच वागणूक हवी आहे काय, हे त्या माणसालाच विचारावे, असे कोणाच्या मनात आले नाही. मी स्वतः एकेकाळी या दोन्ही पक्षांत होतो, आणि दोन्ही वेळा चुकलो. त्या चुकीचा हिशेब आज मांडावयाचा आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. इंग्रजीत ज्याला ऑटिझम म्हणतात त्यास मराठीत स्वमग्नता हा शब्द रूढ झाला आहे. मूळ शब्द ब्लॉयलर या स्विस वैद्याने १९११ च्या सुमारास ग्रीक भाषेतील 'स्व' या अर्थाच्या शब्दापासून बनविला, आणि आपण त्याचे यथार्थ भाषांतर केले. परंतु व्युत्पत्तीने अर्थ सांगितला म्हणजे वस्तू समजली असे नव्हे. स्वमग्न म्हटल्यावर असे वाटते की हे मूल आतून कडी लावून स्वतःतच रमून बसले आहे. त्या स्थितीतील जी माणसे आपले अनुभव लिहून सांगू शकली, त्यांच्यापैकी पुष्कळांनी याच्या नेमके उलट सांगितले आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दार बंद नसते. ते फार उघडे असते. घंटेचा नाद, दिव्याची तिरीप, ओल्या वस्त्राचा स्पर्श, दहा माणसांचे एकदम बोलणे हे सर्व चाळणीवाचून आत येते, आणि ते असह्य झाले की माणूस कान झाकतो किंवा पळतो. योगार्थापेक्षा रूढी बलवत्तर, हे आपण विद्यार्थ्यांस शिकवितोच. म्हणून शब्द राहू द्यावा, परंतु त्याच्या व्युत्पत्तीने फसू नये.

या अवस्थेचे वर्णन करणारे पहिले वैद्यकीय लेख पाऊणशे-शंभर वर्षांपूर्वीचे आहेत. मॉस्को येथील ग्रुन्या सुखारेवा या विदुषीने १९२५ मध्ये, अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांच्या निरीक्षणावरून, आणि व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनी १९४४ मध्ये ते लिहिले. हा संसर्गाने जडणारा रोग नव्हे. मेंदूच्या घडणीतच जन्मापासून असलेला हा वेगळेपणा आहे, आणि त्याचा पट फार विस्तृत आहे. या पटाच्या एका टोकास उत्तम गणिती वा संशोधक सापडतो, आणि दुसऱ्या टोकास आयुष्यभर एक शब्दही न बोलणारा व स्नान-भोजनास दुसऱ्याच्या हातावर अवलंबून असलेला माणूस असतो. दोघांनाही एकच नाव लावले जाते, त्यामुळे एकाचे पाहून दुसऱ्याचा निवाडा करण्याची चूक वारंवार होते.

येथे मातांसाठी एक वाक्य बोलणे मला कर्तव्य वाटते. गेल्या शतकाच्या पन्नास-साठच्या दशकांत पाश्चात्त्य देशांतील मोठमोठे वैद्य असे प्रतिपादन करीत होते की आईच्या मायेच्या अभावामुळे मूल असे होते. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड यांनी, जे स्वतः अशा मुलाचे वडील होते, ते मत ग्रंथ लिहून खोडून काढले, आणि पुढे शास्त्राने ते टाकून दिले. आपल्याकडे हाच दोष निराळ्या वेषात येतो. ग्रहण पाळले नाही, नवस फेडला नाही, पूर्वकर्म आडवे आले, असे आईला ऐकविले जाते. आणि दुर्दैवाने ती हा प्रश्न घेऊन मठातच येते. तिला येथे पापाची चौकशी मिळू नये, इतकी तरी दक्षता आपण घेतली पाहिजे.

आता माझ्या चुकीकडे वळतो. बारा वर्षांपूर्वी मी नुकताच अध्यापनास आरंभ केला होता. वय चोवीस-पंचवीस, अधिकार नवा, आणि शिस्तीचा अभिमान मोठा. त्या वर्षी घाटापलीकडील एका गावाहून एक मुलगा आला. अमरकोशाचे पहिले कांड त्याने एका पावसाळ्यात मुखोद्गत केले. परंतु हे पाठांतर तो रांगेत बसून करीत नसे. मागच्या पडवीत फेऱ्या घालीत, प्रत्येक खांबाला हात लावीत तो म्हणत जाई. रांगेत बसविले की त्याचा शब्द फुटत नसे. माझ्या डोळ्यांकडे पाहा असे म्हटले की तो छताकडे पाही. सायंआरतीस नगारा व घंटा सुरू झाली की दोन्ही कान घट्ट दाबून खाली बसे. पंगतीत भातावर आमटी पडली की पानावरून उठून जाई.

मी त्याला हट्टी ठरविले. नियम सर्वांना सारखा, हे माझे पालुपद होते. आरतीच्या वेळी मी स्वतः त्याचे हात कानांवरून ओढून खाली घेत असे, आणि त्यात आपण काही निर्दयपणा करीत आहोत असे मला वाटत नसे. उलट आपण भेदभाव करीत नाही याचे समाधान वाटे. त्याची आई भेटावयास आली तेव्हा म्हणाली, "गुरुजी, तो हट्टी नाही हो, त्याला ते सोसतच नाही." मी तिला म्हटले, "बाई, सवयीने सारे सोसते."

श्रावणातील एका संध्याकाळी आरतीपूर्वीच तो नाहीसा झाला. बाहेर धो धो पाऊस, सभोवार काळी नदीच्या खोऱ्यातील अरण्य. गावकरी आणि आम्ही मिळून मध्यरात्रीपर्यंत कंदील व विजेऱ्या घेऊन हिंडलो. अखेरीस तो गोठ्याच्या माळ्यावर गवतात सापडला. कान झाकून तो कौले मोजीत होता.

भ्यालेल्या माणसाला दया लवकर सुचते. दुसऱ्या दिवसापासून आम्ही ठरविले की त्याला कसलाच त्रास द्यावयाचा नाही. त्याचे पान मागील पडवीत एकट्याचे. संथा एकट्याची. आरतीस येऊ नये, उत्सवात येऊ नये. हे करताना आम्हांला आपण फार उदार झालो असे वाटले. महिन्याभरात त्याने पाठ म्हणणे सोडले. दिवाळीपूर्वी वडील आले आणि त्यास घेऊन गेले. जाताना त्यांनी आम्हांला दोष दिला नाही, हे मला आजही बोचते.

गेल्या वर्षी तो मठात आला. आता तो बावीस वर्षांचा आहे, आणि बेळगावात एका छापखान्यात मुद्रिते तपासण्याचे काम करतो. चुकलेला अनुस्वार त्याच्या नजरेतून सुटत नाही, असे त्याचे मालक सांगतात. मी त्याला बाजूस बसवून विचारले, "आम्ही तुला कसे वागवावयास हवे होते?" तो बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, मला पंगतीतच जेवायचे होते. फक्त शेवटच्या पानावर, खांबापाशी. आणि भातावर काही वाढण्याआधी मला विचारायला हवे होते." थोडे थांबून पुढे म्हणाला, "घंटा वाजायच्या आधी कोणी सांगितले असते, तर मी आरतीलाही उभा राहिलो असतो. दाराबाहेर."

श्रोतेहो, मागणी केवढी, तर एका पानाच्या जागेएवढी. तीही मी बारा वर्षांत ऐकली नव्हती, कारण मी विचारलेच नव्हते.

या उत्तराचे मनन करताना मला वाटले की आमचा सारा वाद पंगतीच्या दृष्टांताने उलगडतो. पंक्तिप्रपंच हा आपण मोठा दोष मानतो. एकाच्या पानावर तूप आणि शेजारच्याच्या पानावर नाही, हा अन्याय आहे, यात संशय नाही. परंतु मधुमेह असलेल्या वृद्धाच्या पानावर वाढपी लाडू टाकीत नाही; दात गेलेल्या आजोबांना मऊ भात वाढतो; लहान मुलास तिखटावाचून वरण देतो. याला कोणी पंक्तिप्रपंच म्हणत नाही. उलट सर्वांच्या पानावर तेच आणि तितकेच पडले पाहिजे असा आग्रह धरणारा वाढपी पंगतीस उपाशी उठवील. समता पंगतीत असते, पदार्थाच्या मापात नसते. एका पंगतीत, एका वेळी, एका आदराने बसविले, आणि प्रत्येकाचे पोट भरले, म्हणजे पंगत सम झाली.

मात्र येथेच अत्यंत सावध राहिले पाहिजे. 'दृष्टी सम असावी, वर्तन सम असण्याचे कारण नाही' हे वचन आपल्या परंपरेत नवे नाही. गीतेच्या पाचव्या अध्यायात पंडिताची समदृष्टी वर्णिली आहे. तिच्यावर बोलताना दर्शन आणि वर्तन यांत भेद करणारे पुष्कळ झाले, आणि त्या भेदाचा आधार घेऊन पिढ्यान्‌पिढ्या माणसांना पंगतीबाहेर, विहिरीबाहेर, देवळाबाहेर ठेवण्यात आले. हा इतिहास दुसऱ्या कोणाचा नाही, आपल्यासारख्या संस्थांचाही आहे. मग 'स्वमग्न मुलाला वेगळे वागवावे' असे मी म्हणतो तेव्हा मी तेच जुने हत्यार पुन्हा उपसतो आहे काय, हा प्रश्न कोणीही विचारावा, आणि विचारणाऱ्यास मी उत्तर देणे लागतो.

माझे उत्तर दोन प्रश्नांच्या रूपाने आहे. कोणताही भेद समोर आला की पहिले विचारावे: हा भेद कोणी मागितला? दुसरे विचारावे: या भेदाने माणूस पंगतीत आला की पंगतीबाहेर गेला? खांबापाशी शेवटचे पान मिळावे हा भेद त्या मुलाने मागितला असता, आणि त्याने तो पंगतीत बसला असता. मागच्या पडवीतील पान आम्ही ठरविले, आणि त्याने तो बाहेर गेला. दोन्ही भेदच, परंतु एक न्याय आहे आणि दुसरा बहिष्कार. अस्पृश्यतेचा भेद, ज्याच्यावर लादला त्याने कधी मागितला नव्हता, आणि त्याने एकही दार उघडले नाही. ही कसोटी लावली म्हणजे जुने हत्यार कोणते आणि नवी सोय कोणती, हे ओळखावयास अडचण पडत नाही.

जगभरच्या स्वमग्न माणसांचे म्हणणे या कसोटीशी जुळते असे मला आढळले. १९९३ मध्ये टोरांटो येथील परिषदेत जिम सिंक्लेअर या स्वमग्न व्यक्तीने आईवडिलांना उद्देशून केलेले प्रतिपादन प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा की तुम्ही ज्याचा शोक करता ते मूल तुमच्या कल्पनेतले होते. जे खरोखर जन्मास आले ते तुमच्यासमोर आहे, आणि त्याला तुमच्या शोकाचा उपयोग नाही. त्यानंतरच्या काळात या माणसांच्या स्वतःच्या संघटना उभ्या राहिल्या. त्या सर्वांचे मत एक आहे असे मात्र नव्हे. कोणी म्हणतो, मला नोकरीच्या मुलाखतीत कोणतीही सूट नको, फक्त प्रश्न स्पष्ट विचारा. कोणी म्हणतो, मला शांत खोली हवी. कोणाला आपले निदान सर्वांस सांगावेसे वाटते, तर कोणाला ते गुप्त ठेवावेसे वाटते. वरवर पाहता ही मते परस्परविरोधी आहेत, परंतु त्यांच्या मुळाशी एकच मागणी आहे: माझ्याविषयीचा निर्णय माझ्यावाचून होऊ नये. हक्क, मान आणि प्रवेश यांत आम्ही सम. रीत मात्र ज्याची त्याला विचारून.

आता कोणी म्हणेल, या माणसांना इतरांचे मन कळतच नाही, मग त्यांचे मत ते किती घ्यावयाचे? या समजुतीचा विचार आपल्या तालुक्यात जितका चांगला करता येईल तितका अन्यत्र येणार नाही. आपल्या जोयडा तालुक्यात घरात कोकणी, कचेरीत कन्नड, आणि कीर्तनात मराठी. कुणबी वाडीवरील मूल प्रथम शाळेत गेले म्हणजे कित्येकदा वर्षभर मुकाट बसते, आणि गुरुजी त्यास मंद समजतात. वस्तुतः मूल मुके नसते. गुरुजींना त्याची भाषा येत नसते. डेमियन मिल्टन या इंग्लंडमधील अभ्यासकाने, जे स्वतः स्वमग्न आहेत, २०१२ मध्ये हेच तत्त्व मांडले. स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही हे जितके खरे, तितकेच इतरांना स्वमग्नाचे मन कळत नाही हेही खरे. न कळणे दुहेरी आहे, आणि दोष मात्र एकाच्याच माथी मारला जातो. ज्या मठाचा स्मरणग्रंथ दोन भाषांत निघतो, त्या मठाच्या शिष्यांना हे पटण्यास कठीण पडू नये. दोन भाषांच्या सीमेवर राहणारा माणूस जाणतो की भाषांतर दोन्ही बाजूंनी करावे लागते.

याची परीक्षाही झालेली आहे. एडिंबरो विद्यापीठातील कॅथरीन क्रॉम्प्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या कानगोष्टीच्या खेळासारखा प्रयोग केला. तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. आठ-आठ माणसांच्या साखळ्या करून एकाने दुसऱ्यास गोष्ट सांगावयाची, आणि शेवटच्यापर्यंत किती पोहोचते ते पाहावयाचे. केवळ स्वमग्नांच्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पोहोचली. मिश्र साखळीत मात्र अधिक गळाली. अधिक माणसांवर पुन्हा केलेला प्रयोग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मिश्र साखळीतील ती तूट दिसली नाही. परंतु स्वमग्नांची साखळी उणी पडली नाही, हे दोन्ही वेळा आढळले. स्वमग्न माणसाला सांगता-ऐकता येत नाही, या समजुतीला याहून सरळ उत्तर कोणते असेल?

आणखी एक उदाहरण अगदी आपल्या शेजारचे आहे. गोव्यातील 'संगाथ' या संस्थेच्या गौरी दिवाण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील पासष्ट स्वमग्न मुलांच्या कुटुंबांत एक उपक्रम चालविला. त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या नियतकालिकात आले. तज्ज्ञ डॉक्टर दुर्मिळ, म्हणून साध्या आरोग्यसेविकांना शिकवून घरोघर पाठविले. यातील मर्म असे की प्रथम शिकावयाचे होते ते आईवडिलांनी. आई मुलाशी खेळते त्याचे चित्रण करावयाचे, मग ते तिच्यासह पाहावयाचे, आणि मूल आपल्या पद्धतीने केव्हा काय सांगू पाहते हे तिला ओळखावयास शिकवावयाचे. आईवडील मुलाच्या लयीशी जुळवून घेऊ लागले, तशी मुले आपण होऊन अधिक वेळा संवाद साधू लागली. आईला जे करावयास लागले, ते गुरूला करावे लागू नये काय?

कायद्यानेही हीच दिशा धरली आहे. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती प्रथम आली. संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ मध्ये झाला, भारताने तो २००७ मध्ये मान्य केला, आणि त्यास अनुसरून झालेला २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यातील एकवीस प्रकारांत स्वमग्नता आहे. या कायद्यातील भेदभावाची व्याख्या प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे: वाजवी सोय नाकारणे हाही भेदभावच होय, असे तीत म्हटले आहे. म्हणजे सवलत दिल्याने समता मोडते असे जे आम्ही म्हणत आलो, त्याच्या अगदी उलट, सोय न दिल्याने समता मोडते असे कायदा म्हणतो. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार यांच्या प्रकरणात हेच तत्त्व विस्ताराने सांगितले. तो निर्णय न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिला. प्रकरण स्वमग्नतेचे नव्हते. हाताच्या विकारामुळे लिहिता न येणाऱ्या परीक्षार्थीस लेखनिक मिळावा एवढाच प्रश्न होता. परंतु तत्त्व एकच आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या सूचनांत लेखनिक घेण्यास पात्र असलेल्या परीक्षार्थीस तासामागे किमान २० मिनिटे अधिक मिळावीत असे ठरले होते. प्रश्नपत्रिका तीच आणि गुण देण्याची रीत तीच. वेळ मात्र ज्याला लागतो त्याला.

येथवर मी जे बोललो ते, ज्यांना आपली मागणी शब्दांत सांगता येते त्यांच्याविषयी. जो मुलगा बोलतच नाही, त्याचे काय? त्याच्या आईवडिलांच्या मनात एकच प्रश्न रात्रंदिवस असतो: आमच्यामागे याचे कोण? या प्रश्नापुढे समतेची चर्चा कित्येकदा पोकळ वाटते, आणि जे आईवडील म्हणतात की आम्हांला तत्त्व नको, आधार हवा, त्यांना मी चुकीचे म्हणू शकत नाही. १९९९ च्या कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेल्या स्थानिक समितीकडून पालक नेमण्याची व्यवस्था झाली ती याच चिंतेतून. २०१६ च्या कायद्याने त्यापुढे पाऊल टाकले. पालकत्व शक्य तितके मर्यादित असावे, आणि पालकाने त्या व्यक्तीच्या संमतीने, परस्परविश्वासाने निर्णय करावा, असे म्हटले. तात्पर्य, न बोलणाऱ्यासही विचारावयाचेच आहे. फक्त विचारण्याची रीत निराळी. चित्र दाखवून विचारता येते. दोन पदार्थ पुढे ठेवून विचारता येते. कान झाकणे हेही उत्तरच आहे. माझ्या त्या विद्यार्थ्याने बारा वर्षांपूर्वी मला रोज सायंकाळी उत्तर दिले होते, आणि मी त्याचे हात खाली ओढीत होतो.

या संदर्भात भागवताच्या पाचव्या स्कंधातील जडभरताची कथा आपणांस आठवली असेल. रहूगण राजाच्या पालखीस खांदा देण्यास त्यास धरून नेले. पायाखाली जीवजंतू येऊ नयेत म्हणून तो पाहून पाहून पाऊल टाकी. इतर भोयांशी त्याची चाल जुळेना, पालखी हिंदकळू लागली, आणि राजाने त्याचा उपहास केला. पुढे तो बोलू लागला तेव्हा राजा पालखीतून उतरला. चाल न जुळण्यामागे कारण असू शकते, हा या कथेचा बोध मोलाचा आहे. परंतु तिचा एक विपरीत अर्थही निघू शकतो, त्यापासून सावध करतो. प्रत्येक मूक मुलात ज्ञानी पुरुष लपला आहे असे मानून त्यास आदर देणे, हा आदर उधारीचा आहे. ज्ञान प्रकट झाले नाही की तो परत घेतला जातो. स्वमग्न मूल अमरकोश म्हणो वा न म्हणो, छापखान्यात चुका शोधो वा न शोधो, त्याचे पान पंगतीत असलेच पाहिजे. राजाने पालखीतून उतरावयाचे ते भोई ब्रह्मज्ञानी निघाला म्हणून नव्हे; खांद्याला भार होत होता म्हणून.

सभाध्यक्ष महोदय, आता समारोप करतो. आलेल्या अर्जाविषयी माझी नम्र सूचना अशी. त्या मुलास आईवडिलांसह चार दिवस मठात राहावयास बोलवावे, आणि आपण त्याची परीक्षा घेण्याऐवजी त्याला आपली घेऊ द्यावी. कोठे बसावे, कोणता आवाज सोसत नाही, पानावर काय चालते, हे शब्दांनी वा खुणांनी त्यालाच विचारावे. आरतीच्या घंटेपूर्वी एका विद्यार्थ्याने त्याला सूचना द्यावी, आणि नगारा चालू असता बाहेर उभे राहण्याची मुभा असावी; ती मुभा ज्या कोणाला हवी त्या सर्वांना असावी. संथा रांगेत नको असेल तर पडवीत फेऱ्या घालीत घ्यावी. शब्द शुद्ध उतरला म्हणजे झाले, पाय कोठे आहेत हे पाहण्याचे कारण नाही. आणि पान पंगतीत. ही शेवटची अट मी सोडावयास तयार नाही. हे सर्व करूनही त्याला येथे राहावेसे वाटले नाही, तर ते त्याचे उत्तर समजून मान्य करावे. परंतु ते त्याचे असावे, आपण त्याच्या वतीने दिलेले नसावे.

काही सहकाऱ्यांना भीती वाटते की याने शिस्त ढिली होईल. मला तसे वाटत नाही. आपल्या पाठशाळेचा दिनक्रम घटकेचा चुकत नाही, रोज तेच मंत्र, तीच वेळ, तीच जागा. अशी नियमितता तर यांच्यापैकी पुष्कळांना प्रिय असते. त्या मुलाला आमच्या शिस्तीचा त्रास नव्हता. न सांगता वाजणाऱ्या घंटेचा होता.

काल रात्री महोत्सवाच्या पंगतीत तो छापखान्यातील तरुण आला होता. मी वाढावयास होतो. खांबापाशी शेवटचे पान त्याचे होते. भात वाढून मी आमटीची कासंडी हातात धरून उभा राहिलो आणि विचारले, "वाढू?" तो म्हणाला, "नको, गुरुजी. बाजूला वाटीत." मी वाटी आणली. शेजारी बसलेल्या वृद्ध गृहस्थांनी मला हाक मारून म्हटले, "भटजी, मलाही वाटीतच द्या. भात भिजला की मला गिळवत नाही." ते गृहस्थ गेली चाळीस वर्षे आपल्या पंगतीत जेवीत आहेत. त्यांनाही आजवर कोणी विचारले नव्हते.